देखभालीसाठी बंद

आमच्या कंपनीत सूचना लिहायचं काम माझं आणि त्यातले शब्द खोडायचं काम मॅनेजरांचं. त्यांच्या मागे आम्ही त्यांना खोडरबर म्हणायचो. गेम खेळणाऱ्यांना जाणारी एकही ओळ त्यांची पेन्सिल फिरल्याशिवाय बाहेर पडत नसे.

सोमवारी सकाळी कोणीतरी आमच्या सर्व्हरमध्ये घुसलं आणि लाखो खेळाडूंची नावं, फोन नंबर, पत्ते उचलून घेऊन गेलं. मी सरळ लिहिलं, 'तुमची माहिती चोरीला गेली आहे.' खोडरबरांनी 'चोरी' खोडून 'अनधिकृत प्रवेश' केलं. दुपारी ते कंपनीच्या वकिलांशी बोलून आले आणि त्याची 'तांत्रिक अडचण' झाली. संध्याकाळी कागदावर उरलं ते एवढंच: 'गेम देखभालीसाठी बंद आहे. काळजीचं कारण नाही.'

"अहो, पण लोकांना सांगायला नको?" मी विचारलं.

"सांगू की. आधी नक्की काय काय गेलंय ते कळू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि घरीसुद्धा ताकाला तूर लागू द्यायची नाही हं."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. जबाबदारी वर ढकलता आली की झोप छान लागते, हे मी नोकरीत शिकलेय.

मंगळवारी धाकटीचा फोन आला. माझी ही बहीण आमचाच गेम खेळते. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून सात महिन्यांपूर्वी ती घरातून निघाली आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेली. ओळखीच्यांत तो पत्ता फक्त मला ठाऊक होता. दिवसभर लोकांचे कपडे शिवायचे आणि दमली की तासभर खेळायचं, असं तिचं चाललेलं.

"ताई, तुमचं दुकान बंद का गं?"

"देखभाल चालू आहे. काळजी करू नकोस."

"मग कोपरे नीट झाडा, एवीतेवी बंदच आहे तर," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला, मी ऑफिसात असताना, परत तिचा फोन. आवाज इतका बारीक, की मला वाटलं रेंज नाही.

"ताई, तो आलाय. मागच्या खिडकीवर टकटक करतोय."

तिला बाथरूममध्ये कडी लावून बसायला सांगितलं आणि शेजारच्या टेबलावरच्या फोनवरून पोलिसांना कळवलं. ते पोचेपर्यंत त्याने काच फोडून एक पाय आत टाकला होता. त्याला घेऊन गेले. धाकटीला लागलं नव्हतं.

"पण त्याला खिडकी कशी कळली?" तिने नंतर फोनवर विचारलं. "बेल बिघडलीय, मागच्या खिडकीवर टकटक करा, हे मी एकाच ठिकाणी लिहिलं होतं. तुमच्या स्पर्धेत हेडफोन मिळाले ना, तेव्हाच्या पत्त्याच्या फॉर्मात."

चोरलेली यादी बुधवारीच इंटरनेटवर उघडी पडली होती. खेळातलं टोपणनाव टाकलं की पत्ता समोर. तिचं टोपणनाव तर त्यानेच ठेवलेलं, लग्नानंतर दोघं एकत्र खेळायचे तेव्हा. यादी मी स्वतः पाहिली होती. त्यात माझी बहीण असेल, हे डोक्यात आलंच नाही. कसं आलं नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

मी खोडरबरांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, तरी म्हणाले, "आज वकिलांना विचारतो."

मी जागेवर जाऊन लिहिलं, 'तुमचे पत्ते सोमवारी चोरीला गेले. आम्हाला तेव्हापासून माहीत आहे. कोणापासून जिवाला धोका असेल तर आत्ताच घर सोडा, पोलिसांना कळवा.' पाठवायचं बटण दाबलं तेव्हा ते माझ्या मागेच उभे होते. त्यांनी अडवलं नाही.

धाकटीकडे पोचले तेव्हा ती बॅग भरत होती. त्याला दोन दिवसांत सोडतील, असं पोलीसच तिला सांगून गेले होते. माझी सूचना तिने वाचली होती. खोटं कशाला बोलू, ती मला शाबासकी देईल असं मला वाटेत वाटत होतं.

"सोमवारपासून माहीत होतं," ती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

खोडरबरांचं नाव पुढे करता आलं असतं, वकिलांचंही. पण मंगळवारी फोनवर बोलले ती मीच होते.

"हो," मी म्हटलं.

तिने बॅगेची चेन लावली. शिलाई मशीन आम्ही दोघींनी उचलून टॅक्सीत ठेवलं. मी दुसऱ्या बाजूचं दार उघडायला गेले, तर तिने मानेनेच नको म्हटलं.

"पोचले की फोन करीन," ती म्हणाली. "पत्ता मात्र विचारू नकोस, ताई."