शेपटातले पितर

वाटूरला कडूबाच्या खळ्यावर अख्खं गाव लोटलं होतं. मधोमध नवा, बुटका ट्रॅक्टर. गळ्यात हार, कपाळाला कुंकू, आणि मागच्या शेपटासारख्या फिरत्या दांड्याला चक्क लाल फडकं गुंडाळलेलं! बाजूला ज्वारीच्या कणसांचा ढीग, अन् वर आभाळ गच्च भरून आलेलं.

घोळ एका शब्दाचा होता. परतूरच्या मिस्त्रीनं बजावलं होतं, "मागं पीटीओ हाय, त्याला जपा." कडूबाला ऐकू आलं, "मागं पितर हायत." मळणीयंत्र त्याच दांड्यावर चालायचं. पण त्यात बसलेल्या आज्याला गरगरा फिरवायचं कसं?

अशा वेळी बाबा उगवायचेच. गिरकीबाबा उगवले. बंद ट्रॅक्टरच्या दांड्यावर तळवा दाबून ते गरजले, "फिरफिर फट् स्वाहा!" तळवा उघडला, तर त्यावर काळा, चमकता कीस!

"पाह्य कडूबा, तुझा आजा झिजून राह्यला! त्याला रोज पुरणपोळी दे. मी खाल्ली तरी बराबर पोचती."

बैल तर विकलेले. कडूबानं घाबरत विचारलं, "मंग मळणी, महाराज?"

"काठीनं बडव!"

"आधी तुमालाच बडवते!" कडूबाची बायको शिवकन्या पदर खोचून कडाडली. "पाऊस आला तर कणसाला कोंब फुटतील. वरीसभर लेकरं काय खातील?" अन् ती शाळेतल्या सत्यशीलाबाईंना घेऊनच आली.

बाईंनी हात जोडले. "बाबा, माझ्या छडीतही पितर आहेत का हो?"

बाबांनी छडी दाबली. कीस! "हायत! तुझ्या आजोळचे हायत!"

"आणि या म्हशीच्या शिंगात?"

बाबांनी शिंगही दाबलं. पुन्हा कीस! "हायत! लई झिजलेत बिचारे!"

म्हशीनं वैतागून मान झटकली.

बाईंनी पिशवीतून शाळेचा लोहचुंबक काढून किसावर धरला. कीस टुणकन चिकटला. "लाकडात लोखंड? शिंगात लोखंड? बाबा, बोटं फाकवा बरं." बोटांच्या बेचक्यात ग्रीसचा गोळा, अन् त्यात कीस भरलेला!

भुजंग लोहार ओरडला, "आरं, ह्यो तर माझ्या कानशीचा कीस! सकाळी दात घासायला म्हणून नेल्ता!"

हशा उसळला. बाबा नैवेद्याची अर्धी पोळी तोंडात धरून पळाले.

तरी कडूबा कुरकुरला, "पण बाई, दांडा खरंच झिजला तर?"

"शिवकन्याताई, जातं झिजत नाही का?"

"झिजतं की. छिन्नीनं टाकी लावून घेते अन् दळते. झिजंल म्हणून कुणी दाणे तसेच गिळतं व्हय?"

"मग! इंजिनाची ताकद यंत्राला देतो, तो पीटीओ. कामासाठीच घडवलाय. वेळेवर तेल बदल, मापात फिरव, आणि फिरताना धोतर लांब ठेव. एवढं केलंस की बिनघोर वापर."

फडकं सुटलं. दांडा फिरला, मळणीयंत्र घुमू लागलं. शेवटचं पोतं घरात गेलं तेव्हा पहिला थेंब कडूबाच्या नाकावर पडला.

म्हणून मुलांनो, कुणी तळहातावर चमत्कार दाखवला, तर नमस्कार नंतर करा. आधी त्याला हात धुवायला लावा.