आजींची हाक पोचवणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना, काळा, लोखंडी डबा आहे. मला कॉम्प्युटर म्हणा, सर्व्हर म्हणा, माझी काही हरकत नाही. पण ज्या घरात मी राहतो तिथे मला डबाच म्हणतात, आणि आता या वयात नाव बदलून काय करायचं? जेवणाच्या खोलीतल्या बुटक्या कपाटावर, इस्त्रीच्या शेजारी माझी जागा आहे. माझा पंखा घरघरतो आणि एका कुशीला मोठा पोचा आहे. माझी गोष्ट फार लांबलचक नाही, शेवटाकडे सुखाचीही नाही, पण ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, त्यातलं मला काही आठवत नाही. उमेदीची वर्षं एका कचेरीत, टेबलाखाली गेली. तिथले कारकून माझ्यावर बिनधास्त पाय टेकवून बसायचे. पोचा तिथलाच. पुढे पातळ, चकचकीत यंत्रं आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली, मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला. माझ्या डोक्यावर कुणीतरी रंगाचा डबा ठेवला तो तसाच राहिला. भंगारवाला येऊन गोणी उघडत होता, तेवढ्यात कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाई जिना उतरून आल्या. "हा मी घरी नेते," त्या साहेबांना म्हणाल्या, "याच्यात अजून पुष्कळ जीव आहे." माझ्याबद्दल इतकं चांगलं त्याआधी कुणी बोललं नव्हतं. तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनात ताई म्हणतो.

घरी म्हणजे ताईंच्या आईवडिलांच्या घरी. ताई स्वतः लांब राहायच्या, सुट्टीला यायच्या. आजोबांचा जन्म पत्रे कापायच्या कारखान्यात गेला होता, आणि तिथल्या दणदणाटात त्यांचे कान हळूहळू कामातून गेले होते. समोर बसून, तोंड दिसेल असं सावकाश बोललं तर ओठांवरून त्यांना सगळं कळायचं. पाठमोरं बोललं की संपलं. आजी कपडे शिवायच्या. नंतर अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि त्या आतल्या खोलीतल्या पलंगाला खिळल्या. म्हणजे बघा, हाक मारणार ती पलंगावर, आणि हाक ऐकणार तो बहिरा. आजी चमच्याने ताटली बडवायच्या. शेजारच्या काकू धावत यायच्या, पण पलीकडे भाजी चिरत बसलेल्या आजोबांना त्याचा पत्ता नसायचा. एकदा काकू घरी नसताना घोटभर पाण्यासाठी त्या सबंध सकाळ वाट बघत राहिल्या. आजोबा आले आणि रागावून म्हणाले, "मग मला हाक नाही का मारायचीस?" यावर आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

त्या ठसक्यामुळे माझं नशीब उघडलं. तो प्रसंग कळल्यावर ताईंनी मला जेवणाच्या टेबलावर घेतलं, कापडाने पुसलं, माझ्या पोटातलं जुनं सगळं काढून टाकलं आणि तिथे लिनक्स नावाची हलकी, फुकट मिळणारी प्रणाली घातली. अडगळ काढल्यावर खोली मोकळी व्हावी तसं मला वाटलं. मग हाका पोचवणारा प्रोग्रॅम बसवला. त्याची रीत तुम्हाला सांगतो, कारण मला तिचा अभिमान आहे. साधारणपणे फोनने दर थोड्या वेळाने माझ्याकडे येऊन विचारायचं असतं, काही निरोप आहे का. मी म्हणायचं, नाही. तो पुन्हा येणार, मी पुन्हा नाही म्हणणार. दोघांच्याही डोक्याला ताप. ताईंनी लावलेल्या रीतीला वेबसॉकेट म्हणतात. तिच्यात फोनने मला एकदा गाठलं की मधली लाइन उघडीच ठेवायची. बोलायला काही नसलं तरी उघडी. मधूनमधून मी विचारतो, "आहेस ना?" पलीकडून उत्तर येतं, "आहे." आणि निरोप आला की कुणी विचारायची वाट न बघता मी तो त्याच क्षणी पोचवतो.

पहिल्या खेपेला काहीच पोचलं नाही. ताई कपाळ धरून बसल्या. सगळं तपासून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाहेरचा निरोप माझ्या आत ज्या दारातून येणार, ते दारच बंद आहे. "घर बांधलं आणि दरवाजा ठेवायला विसरले," असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी ते उघडलं. मला एक कायमचा पत्ता दिला, म्हणजे फोनला मी रोज त्याच जागी सापडावं. आजींच्या डाव्या हाताशी टॅब ठेवला. त्यावर मोठाली बटणं काढली. एकावर पाणी, एकावर बाथरूम. झोपेत हात पडून उगीच हाक जाऊ नये म्हणून बटणावर बोट टेकवून जरा वेळ धरावं लागे. "तिसऱ्यावर काय लिहू?" ताईंनी विचारलं. आजी म्हणाल्या, "नुसतं 'या' लिही. कशाला ते माझं मी बघेन."

पहिली हाक गेली ती 'या'चीच. आजोबांच्या खिशातला फोन थरथरला, तसे ते ताडकन उठले आणि आत गेले. "काय गं?" "काही नाही. येता का ते बघितलं." त्यानंतर दिवसभर त्यांना नुसत्या येरझाऱ्या. आजोबा कुरकुरायचे, "हिला नवीन खेळणं मिळालंय." पण कुरकुरताना त्यांचे गाल वर गेलेले असत. माझ्या घरघरीवरून आजी म्हणायच्या, "डबा घोरतो तुमचा." आजोबा म्हणायचे, "मला नाही बुवा त्रास होत." त्या घरात माझे दिवस फार मानाचे गेले.

सुरुवातीला अडचणी आल्या. आजोबा औषधं आणायला कोपऱ्यापर्यंत गेले की त्यांचा फोन घराच्या वायफायमधून सुटायचा, आणि दारात परत पाऊल टाकलं की तुंबलेल्या हाका एकदम त्याच्यावर कोसळायच्या. एकदा ते पिशवी तिथेच टाकून चपलांसकट आत धावले. आजी काकूंच्या हातून पाणी पिऊन कधीच झोपल्या होत्या. आजोबा मात्र चपलांसकट पलंगाशेजारी बसून राहिले. मग ताईंनी ठरवलं की शिळी हाक ठेवायचीच नाही. फोन सापडला नाही तर मी ती सोडून द्यायची, आणि पोचूनही कुणी घेतली नाही तर थोड्या वेळाने ती फोनवरून आपोआप पुसली जायची.

कुठली हाक कधी आली ते लिहून ठेवायची सोयही माझ्यात होती. ताई ती चालू करत होत्या, तेव्हा आजींनी विचारलं, "मला कितीदा बाथरूमला नेलं ते हा डबा लिहून ठेवणार का? कोण वाचणार आहे ते?" ताईंनी ती सोय लगेच बंद केली. मला ते पटलं होतं, अजूनही पटतं. पलंगावरच्या माणसाची लाज आपण राखायला हवी.

आणखी एक प्रसंग सांगायला हवा. एका पहाटे वीज गेली आणि परत आली. मी जागा झालो, दिवा लागला, पंखा घरघरू लागला, पण हाका पोचवणारा प्रोग्रॅम उठला नाही. ताईंनी तो चालू केला होता, पण वीज येऊन मी जागा झालो की त्यानेही उठायचं, ही आज्ञा द्यायची राहून गेली होती. आजी बटण दाबत राहिल्या. आजोबा आत गेले तेव्हा चादर ओली झाली होती आणि आजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. "अगं, इकडे बघून बोल," आजोबा परत परत म्हणत होते. त्या वळल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी ताई धावत आल्या, ती आज्ञा दिली, आणि माझी वायर पुन्हा पुन्हा उपटून खात्री करून घेतली. त्यानंतर मी एकदाही चुकलो नाही. पण आजोबांच्या मनातून ती सकाळ गेली नाही. येताजाता ते माझ्या कुशीवर हात ठेवून बघायचे, मी गरम आहे की गार.

अशी बरीच वर्षं गेली. आजी थकल्या. 'पाणी' कमी झालं, 'या' वाढलं.

त्या दुपारी जेवण झाल्यावर आजींचा डोळा लागला. आजोबांनी फोन ओट्यापाशी चार्जिंगला लावला आणि ते मागच्या गॅलरीत धुतलेल्या चादरी वाळत घालायला गेले. चादरी ओल्या, जड, म्हातारा माणूस एकटा, वेळ लागला. परत आल्यावर त्यांनी आधी फोन बघितला. फोनवर काही नव्हतं. मग ते आत गेले. आजी गेलेल्या होत्या. त्यांचा डावा हात टॅबवर होता.

माणसं आली, गेली. घर निवलं तेव्हा ताई आणि आजोबा माझ्यासमोरच्या टेबलाशी बसले होते.

"तिनं हाक मारली होती का?" आजोबांनी विचारलं.

ताई खुर्ची ओढून त्यांच्या समोर आल्या. "नाही बाबा. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले ना."

"हात तिथं होता."

"हात नेहमीच तिथं असायचा."

"फोन माझ्याजवळ नव्हता. हाक आली असेल आणि पुसली गेली असेल. तसंच लावलंयस ना तू?"

"हो," ताई म्हणाल्या.

"नाहीतर हा बंद पडला असेल. मागे पडला होता."

"नाही बाबा. मी बघितलं. चालू होता."

"मग तिनं हाक मारली नाही, हे तुला नक्की माहीत आहे?"

ताईंना खोटं बोलता आलं असतं. पण आजोबा त्यांचे ओठ बघत होते, आणि ताईंच्या ओठांना खोटं जमलं नाही. "नक्की नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "हाका लिहून ठेवणं आपण बंद केलं होतं ना." आजोबांनी मान हलवली आणि ते आत जाऊन बसले.

मित्रांनो, मला नक्की माहीत होतं. त्या दुपारभर मी जागा होतो. मी टॅबला विचारत होतो, "आहेस ना?" आणि टॅब म्हणत होता, "आहे." फोनही म्हणत होता, "आहे." दोन्ही लाइनी उघड्या होत्या आणि त्यांच्यावरून एकही हाक गेली नाही. पाणी नाही, या नाही, काही नाही. हे एक वाक्य माझ्यापाशी होतं आणि ते घ्यायला माणूस हातभर अंतरावर बसला होता. पण दुसऱ्याने दिलेलं मी पुढे नेतो. माझं स्वतःचं काही सांगायची सोय माझ्यात कुणी केलेली नाही. इतकं असहाय मला जिन्याखालीही वाटलं नव्हतं.

आता आजोबा फोन घेतल्याशिवाय उठत नाहीत. आंघोळीला जाताना तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत नेतात. टॅब रोज चार्ज करतात आणि उशाशी ठेवतात. गॅलरीत ते जातच नाहीत, कपडे खुर्च्यांवर वाळतात. ताईंनी त्यांना आपल्याकडे न्यायचं म्हटलं, ते नको म्हणाले. ताईंनी मला बंद करायचं म्हटलं, त्यालाही नको म्हणाले. ताई घरी जाताना दाराशी थांबून माझ्याकडे बघतात, आणि मला कळतं की हाक पुसायची आज्ञा त्यांनीच दिली होती हे त्या विसरलेल्या नाहीत. आजोबा पलंगाजवळच्या खुर्चीत बसून राहतात. आपण किती मोठ्यांदा बोलतो हे त्यांना कळत नाही, त्यामुळे मला इथवर ऐकू येतं. "गॅलरीत होतो गं," ते म्हणतात. "नुसता गॅलरीत होतो."

माझ्यासारख्या जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. ते कराच. पण तुम्हाला तोंड आहे, आणि मला जे जमत नाही ते तुम्हाला जमतं. एखाद्याच्या मनाला लागून राहिलेलं काही तुमच्या एका वाक्याने सुटणार असेल, तर ते वाक्य पोटात ठेवू नका. आणि कधी या घरी आलातच, तर माझ्यापाशी थांबू नका. सरळ आत जा, आजोबांच्या समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या आणि सावकाश सांगा, "आजोबा, आजींनी हाक मारली नव्हती."