जुनं असेल ते पूस

चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या कायबारिएन गावातल्या बायका ती रेनिएरच्या माथी मारून मोकळ्या होतात, आणि तो बिचारा माझं घर आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जातो.

माझा भाऊ एवेलिओ पंधरा वर्षं आमच्या गल्लीच्या बेसबॉल टीमचा प्रशिक्षक होता. साखरेच्या दुखण्यात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून तो डुलत्या खुर्चीत बसून सगळ्या जगाला शिकवतो. माझा मुलगा ओस्निएल त्याच टीममध्ये सेकंड बेसला होता. मामाचा वेळ जावा म्हणून त्यानं कुठूनतरी टीव्हीला जोडून खेळायचा एक जुनापुराणा कन्सोल आणला. त्यातली सीडी वाचायची काच केव्हाच गेलेली. आमच्याकडे सगळ्यांचीच गेलेली असते. मग खेळ एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये भरायचे, डिस्क कन्सोलला जोडायची, आणि तिच्यावरूनच ते चालवायचे. डिस्कची केबल सैल होती. ती हलू नये म्हणून खाली काड्यापेटी सरकवलेली. मी जरा जोरात चालले की एवेलिओ ओरडायचा, "अगं म्हशी, हळू! डिस्क जाईल!" पाय त्याचा गेला, आणि घरात चालायची चोरी मला झाली.

डिस्कवर बेसबॉलचा एक खेळ होता. त्यात आपले खेळाडू बनवता येतात. नाव, नंबर, चेहरा, हाताची ताकद, पळायचा वेग, सगळं भरायचं. ओस्निएलनं चार महिने खपून गल्लीची अख्खी टीम त्यात घातली. गुण मात्र एवेलिओ द्यायचा, आणि गुण देताना तो कसायासारखा वागायचा.

"व्हिएहो, माझा वेग सत्तर तरी लाव की," ओस्निएल विनवायचा.

"बासष्ट."

"अरे, फेलिबेर्तोला पासष्ट दिलेस! त्याचं पोट बघ!"

"पोट असून तो तुझ्यापुढे पळतो. बासष्ट. आणि पुन्हा बोललास तर साठ."

व्हिएहो म्हणजे म्हातारा. आमच्याकडे बापाला, मामाला, जवळच्या कुठल्याही थोराला लाडानं तसंच म्हणतात. आणि जुन्या वस्तूलाही हाच शब्द. हे लक्षात ठेवा.

खेळात केलेलं काम साठवायला एक छोटं कार्ड लागतं. आमचं मोडलं होतं, म्हणून ओस्निएलनं डिस्कमध्येच एक खोटं कार्ड बनवलं आणि सगळी टीम त्यात ठेवली. म्हणजे खेळही डिस्कवर, पोरंही डिस्कवर.

नंतर पोरं एकेक करून गेली. फेलिबेर्तो माद्रिदला, दोघं टँपाला, एक मोन्तेविदेओला, एक चिलीत कुठेतरी टरबुजं भरतो. शेवटी नऊच्या नऊ गेले. आठ जणांचे फोन येतात. ओस्निएल दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, बावीसचा असताना, गावातल्या दुसऱ्या सहा जणांबरोबर होडीतून समुद्रापार निघाला, त्या सातांपैकी कुणाचाच फोन आला नाही.

मी कुणाला काही बोलू देत नव्हते. रेशनच्या वहीतून त्याचं नाव काढलं नव्हतं. पाव मिळायचा तेव्हा मी तिघांचा आणायची. दुकानातल्या बाईनं तोंड वाकडं केलं, तर मी तिला ठणकावून सांगितलं, "माझा मुलगा मागच्या महिन्यात चोवीसचा झाला. त्याच्या वाट्याचा पाव काढ." हे मी घरीही तसंच बोलायची. एवेलिओ ऐकून घ्यायचा आणि खुर्ची डोलवत राहायचा.

दुपारी दोनच्या सुमाराला वीज यायची, कधी तीन तास, कधी तासभर. आली की एवेलिओ आधी कन्सोल लावायचा. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसायची आणि मला त्या खेळात काही रस नाही असं दाखवायची. आतला निवेदक इंग्रजीत बडबडतो, त्यातले मला दोनच शब्द कळतात. नंबर चौदा. ते ऐकलं की माझा हात थांबायचा. म्हणजे ओस्निएल बॅट घेऊन आलेला असायचा. एवेलिओ त्याला शिव्या घालायचा, "कोपर वर घे, गाढवा!" आणि मला बरं वाटायचं. रोज दुपारी मला एवढंच बरं वाटायचं.

मग मला तुर्की मालिकेची हौस आली. शेजारणी सगळ्या तेच बोलायच्या. त्या नवऱ्याची आठवण जाते आणि तो बायकोलाच मोलकरीण समजतो, असलं काहीतरी. आमच्याकडे इंटरनेटवर मालिका बघणं परवडत नाही. दर आठवड्याला मालिका, सिनेमे, गाणी सगळं भरलेली एक डिस्क गावात येते, तिला पॅकेट म्हणतात, आणि रेनिएर त्यातलं हवं ते ज्याच्या त्याच्या डिस्कमध्ये भरून देतो. चाळिशीचा शांत माणूस, सांगाल तेवढंच करणारा. मी काड्यापेटी काढली, डिस्क पिशवीत घातली, आणि त्याच्या खिडकीशी नेऊन ठेवली.

"मावशी, ही तर गच्च भरलीये," तो म्हणाला. "चाळीस भाग आहेत. जागा करावी लागेल."

"मग कर की. जुनं असेल ते पूस."

"सगळं जुनं?"

"रेनिएर, तुला गाऊन सांगू का? व्हिएहो ते सगळं पूस!"

त्यानं पुसलं. मामासाठी जे जे भरलं होतं, त्या सगळ्याला ओस्निएलनं एकच नाव दिलं होतं. व्हिएहो. एवेलिओसाठी ठेवलेल्या मॅचेस, आणि त्याच नावाचं ते कार्ड; खेळाला मात्र त्याचं स्वतःचं नाव होतं, तो तेवढा राहिला. रेनिएरला वाटलं, मावशी नावानिशी सांगतेय.

दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर एवेलिओनं कन्सोल लावला. खेळ चालू झाला, संगीत वाजलं. मी तांदूळ घेऊन बसले. मग बराच वेळ खुर्चीचा आवाजच आला नाही.

"झोराइदा," तो म्हणाला, "पोरं दिसत नाहीत."

"डोळे धू आधी."

"डोळे धुतलेत. कार्ड सापडत नाही म्हणतोय."

मी डिस्क उचलून धावत रेनिएरकडे गेले. चप्पलही घातली नव्हती. त्यानं एक तासभर काय काय करून पाहिलं. मग स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "पुसल्या पुसल्या आणली असती तर काही सापडलं असतं. पण त्या जागेवर मालिका लिहिली गेलीये. दुसरी प्रत कुठे ठेवली नव्हती?"

"दुसरी डिस्क कुठून आणू, तुझ्या बापाची?" मी ओरडले. मग त्याच्या उंबऱ्यात बसून रडले. त्यानं पाणी आणून दिलं. त्यानं एक कोरं कार्ड बनवून दिलं, तेवढंच त्याच्या हातात होतं.

एवेलिओला मी सगळं सांगितलं. मला वाटलं तो घर डोक्यावर घेईल. त्यानं विचारलं, "मालिका तरी चांगली आहे का?" मला तो ओरडला असता तर चाललं असतं.

आठवडाभर त्यानं कन्सोलला हात लावला नाही. मग एका दुपारी वीज आली तेव्हा मीच काड्यापेटी लावली आणि कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवला.

"ऊठ. म्हणजे, बसल्या बसल्या ऊठ. पुन्हा बनवू सगळी."

"तुला बनवता येतात?"

"तू गुण सांग, मी बटणं दाबते. चार महिने ऐकलंय मी सगळं, बहिरी नाहीये."

"आधी चौदा नंबर कर," एवेलिओ म्हणाला.

मी नाव घातलं. एकेक अक्षर शोधत दहा मिनिटं गेली. चेहऱ्यांच्या यादीत त्याचा चेहरा कुठला होता ते आम्हाला दोघांनाही आठवेना. आम्ही त्यातल्या त्यात बऱ्या कानांचा एक घेतला. मग हाताची ताकद, मग वेग.

"सत्तर लाव," एवेलिओ म्हणाला.

"बासष्ट होता."

"सत्तर लाव म्हणतो ना! पोरगं चार महिने मागत होतं, काय बिघडलं असतं माझं?" मी सत्तर लावला.

त्याच्या पुढे वयाचा चौकोन होता. पहिल्या वेळी तो ओस्निएलनं स्वतःच भरला होता, त्यामुळे तो असतो हेही मला ठाऊक नव्हतं. त्यात अठरा होतं. मी एकेक वाढवत गेले. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. बावीसला माझा अंगठा थांबला.

आयुष्यभर ज्या माणसानं मला येता-जाता सल्ले दिले, तो एवेलिओ आता भिंतीकडे बघत होता.

"वीज जाईल," तो शेवटी हळूच म्हणाला. "काय लावायचं ते लाव."

आणखी दोनदा दाबलं असतं की चोवीस. रेशनच्या दुकानात मी ते रोज म्हणत होते, न अडखळता. पण तिथे समोर ती बाई असायची, तिच्याशी भांडायचं असायचं. इथे फक्त तो चौकोन होता.

"बावीस," मी म्हणाले.

एवेलिओनं माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यानं माझं म्हणणं खोडून काढलं नाही. त्याला ते दोन वर्षं माहीत होतं.

तेवढ्यात पंखा थांबला. पडदा काळा झाला, डिस्कचा छोटा दिवा विझला, आणि गल्लीतून नेहमीच्या शिव्या ऐकू आल्या.

"साठवलं होतंस?" एवेलिओनं विचारलं.

"नाही."

कार्ड कोरंच राहिलं. नाव गेलं, कान गेले, सत्तर गेले. मी जे तोंडानं बोलले होते तेवढं मात्र घरात राहिलं. दुसऱ्या दिवशी मी पाव दोघांचाच आणला.