मी तोच पुष्कराज

माझ्या अंगावर सत्तावन्न पैलू आहेत. वरच्या बाजूला तेहतीस, खालच्या बाजूला चोवीस. मला धरून ठेवायला सोन्याचे चार आकडे आहेत आणि त्यांतला एक किंचित झिजलेला आहे. मित्रांनो, हे सगळं मोजून सांगतो, कारण एकदा घाटकोपरच्या एका सराफी दुकानात, चारचौघांसमोर, मी 'मी' नाहीच असं ठरवण्यात आलं होतं. मी एक जुना पुष्कराज आहे. मी बदललो नव्हतो आणि मला कुणी बदललंही नव्हतं.

माझा जन्म सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खूप खोल, प्रचंड उष्णतेत आणि दाबात झाला. अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन एवढंच माझं शरीर. त्यात लोखंडाचा अंश मिसळला म्हणून मी पिवळा. पुढे डोंगर झिजले, नदीनं मला वाहून नेलं आणि श्रीलंकेतल्या एका भातशेताखाली, वाळूच्या थरात मी पडून राहिलो. तिथे मी शुभ नव्हतो, अशुभ नव्हतो. तिथे गुरुवारसुद्धा नव्हता.

मग एका माणसानं टोपलीत वाळू धुतली आणि मी हाती लागलो. दुसऱ्यानं फिरत्या चाकावर माझे पैलू पाडले. वरून आलेला उजेड आत घ्यायचा, खालच्या पैलूंवर वळवायचा आणि पुन्हा वर पाठवायचा, हे एकच काम मला येतं. यापलीकडे कुठलीही विद्या मला येत नाही. हे मी आधीच स्पष्ट करतो.

पण नाहूरच्या नलिनीकाकूंना एका ज्योतिषानं वेगळंच सांगितलं होतं. त्यांचा गुरू कमजोर आहे म्हणे. म्हणून अकरा वर्षांपूर्वी मला अंगठीत बसवलं गेलं. कोंदण मागून उघडं ठेवलं, कारण खडा बोटाला लागला पाहिजे. आणखी एक अट होती. एकदा घातलेली अंगठी काढायची नाही, नाहीतर खड्याचा प्रभाव तुटतो.

काकूंनी ती अट पाळली. कणीक मळताना मी बोटात, भांडी घासताना मी बोटात, डोक्याला तेल लावतानाही मी बोटातच. दर गुरुवारी त्या मला हळद आणि चंदनाचं गंध लावायच्या आणि दोन बोटांनी प्रेमानं चोळायच्या. मित्रांनो, माझी आबाळ झाली ती दुर्लक्षानं नाही, कौतुकानं झाली.

त्यांची मुलगी ऋता बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, तेव्हा काकू म्हणाल्या, "पुष्कराजाची कृपा!" पोरगी वर्षभर पहाटे उठून अभ्यास करत होती. मी त्या वेळी झोपलेल्या काकूंच्या बोटात होतो. आणि मिक्सर जळला तेव्हाही काकूंनी माझ्याकडेच रागानं पाहिलं होतं. मला त्याचं श्रेय नको होतं आणि याचा दोषही नको होता.

यंदा काकूंचं बोट सुजू लागलं आणि अंगठी रुतायला लागली. ज्योतिषाला फोन झाला. त्यानं सांगितलं, अंगठी मोठी करून घ्या, पण खडा कोंदणातून हलवायचा नाही आणि पाण्यात बुडवायचा नाही.

काकू मला घेऊन चंद्रप्रकाश शेठच्या दुकानात आल्या. दुकानाच्या मागच्या खोलीत कुंडलिक बसतो. खडे बसवणं आणि अंगठ्या लहानमोठ्या करणं हे त्याचं काम, सतरा वर्षांपासूनचं. त्यानं मला उलटं करून पाहिलं.

"काकू, मागून फार मळ भरलाय. दहा मिनिटांत धुऊन देतो."

"अजिबात नाही! हात लावायचा नाही खड्याला. शब्द दे मला."

कुंडलिक विक्रोळीच्या बौद्ध घरातला. त्याच्या घरी ग्रहही मानत नाहीत आणि खडेही. तरी तो म्हणाला, "दिला शब्द."

अंगठी मोठी करायची तर सोनं कापून, तुकडा घालून, ज्योतीवर जोडावं लागतं. खडा काढला की हे सोपं. कुंडलिकनं मला ओल्या कापसात गुंडाळलं, वरून पुन्हा पुन्हा थेंब सोडत राहिला आणि ज्योत खालच्या बाजूनंच फिरवली. माझ्यापर्यंत पोचली ती फक्त ऊब. मग त्यानं सोन्याला झिलई दिली. मला नाही. शब्द दिला होता.

चूक इथेच झाली. सोनं नव्यासारखं लखलखलं आणि त्याच्या मधोमध मी, फिकट, शेवाळी, मेलेल्या डोळ्यासारखा. अकरा वर्षं दर दिवशी थोडा थोडा मंद होत गेलो, म्हणून बोटात असताना ते कुणाला दिसलं नाही. आता सोन्याशेजारी दिसलं.

शनिवारी दुपारी काकू ऋताला घेऊन अंगठी न्यायला आल्या. त्यांनी मला उजेडात धरलं आणि त्यांचा आवाज चढला.

"हा माझा खडा नाही. माझा कसा तेजस्वी होता! ही काच आहे काच."

दुकानात पाच गिऱ्हाइकं होती. पाचही वळली. शेठनी हाक मारली, "कुंडलिक! बाहेर ये. खडा कुठाय यांचा?"

"तोच आहे, शेठ."

"यांना डोळे नाहीत का? हे बघ, माझ्या दुकानाचं नाव जाईल. खरं काय ते सांग, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस."

सोमवारपासून येऊ नकोस, याचा अर्थ या बाजारात कुठेच जाऊ नकोस. खडा बदलला असं एकदा कारागिराबद्दल बोललं गेलं की दुसरं कुठलंही दुकान त्याच्या हातात अंगठी देत नाही. कुंडलिकचे हात काउंटरवर होते. ते त्यानं काढून घेतले नाहीत. मी आतून ओरडत होतो. पण दगडाला ओरडता येत नाही. त्याला फक्त चमकता येतं, आणि तेवढंही त्या दिवशी मला जमत नव्हतं.

"काकू, खडा घेतला तेव्हा प्रयोगशाळेचं कार्ड मिळालं असेल ना?" कुंडलिकनं विचारलं.

"माझ्या फोनमध्ये आहे त्याचा फोटो," ऋता म्हणाली.

"मग खडा काढून तोलू. आत्ता. सगळ्यांसमोर."

काकूंनी अंगठी मुठीत घट्ट धरली. "काढायचा नाही! काढला तर प्रभाव तुटेल."

ऋता आईकडे वळली. मग म्हणाली, "आई, खडा खोटा आहे म्हणतेस ना?"

"हो, आहेच खोटा."

"मग खोटा खडा काढल्यावर कसला प्रभाव तुटणार गं?"

एका गिऱ्हाइकाला हसू आवरेना. "पॉइंट आहे हां, मावशी!"

"तू गप रे! तुला कोणी विचारलंय?" काकू म्हणाल्या. पण मूठ सैल झाली होती.

कुंडलिकनं अंगठी लगेच उचलली नाही. "काकू, शब्द मी तुम्हाला दिलाय. तुम्ही मोकळं करा, मगच हात लावतो."

"काढ बाबा, काढ."

त्यानं बारीक चिमट्यानं चारही आकडे उचलले. अकरा वर्षांनी मी बाहेर आलो. माझ्या मागे आणि कोंदणाच्या आत तपकिरी लगदा घट्ट बसला होता. साबण, पीठ, तेल, हळद, चंदन. लाकडी काडीनं त्यानं तो सगळा कोरडाच खरवडला आणि एका बटरपेपरवर बाजूला ठेवला. मग कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि लहान मुलांचा मऊ ब्रश.

मित्रांनो, मला एवढंच लागतं. महिन्यातून एकदा, दहा मिनिटं. मला कोमट पाण्यानं काही होत नाही, पण सगळ्यांचं तसं नाही. पाचूच्या भेगांत तेल भरलेलं असतं, त्याला साबणात भिजवू नका आणि थरथरणाऱ्या यंत्रातही घालू नका. मोत्याला अत्तर आणि लिंबू सोसत नाही. त्याला ओल्या मऊ कापडानं पुसलं की पुरे. आणि मला मोत्यांच्या डबीत ठेवू नका. मला हिऱ्याशिवाय सहसा कुणी ओरखडत नाही, पण मी मोत्याला सहज ओरखडतो. कणीक मळताना आम्हाला काढून ठेवा. काही तुटत नाही. जे माझ्यात कधी नव्हतंच, ते तुटणार तरी कसं?

कुंडलिकनं मला पुसून काउंटरवर ठेवलं. वरच्या दिव्याचा उजेड आत आला, चोवीस पैलूंवर फिरला आणि परत गेला. मघाशी हसलेलं गिऱ्हाईक पुढे झुकलं. "च्यायला, झकास!"

"चमकतो सगळाच," शेठ म्हणाले. "धुतलेली काचही चमकते. तोल."

ऋतानं फोनवरचं कार्ड मोठ्यानं वाचलं. वजन ६.४२ कॅरेट. लांबी ११.६२, रुंदी ९.७४, उंची ७.०४ मिलिमीटर. आत तीन सुया, म्हणजे सुईसारखे बारीक स्फटिक, आणि बोटाच्या ठशासारखी एक खूण.

काटा ६.४२ वर थांबला. मापं तीनही जुळली. माझ्यासारखा दुसरा खडा कारखान्यातही बनतो, मापाचाही करून मिळतो, पण आतल्या नैसर्गिक खुणा हुबेहूब करता येत नाहीत. म्हणून कुंडलिकनं भिंग काकूंच्या हातात दिलं.

"आत बघा. खोल. ठसा दिसतोय?"

काकूंनी बराच वेळ पाहिलं. "दिसतोय," त्या हळूच म्हणाल्या. "सुयापण आहेत. तीन." मग भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "कुंडलिक, मी तुला काय काय बोलले रे."

शेठ घाईनं म्हणाले, "चला, झालं. जा आत, काम पडलंय."

कुंडलिक हलला नाही. "शेठ, मघाशी चारचौघांत बोललात. आता हेही चारचौघांतच बोला."

शेठनी पाच गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "खडा तोच आहे. कुंडलिकनं बदललेला नाही."

"सोमवारचं?"

"सोमवारी ये. नेहमीसारखा."

"येतो. आता मग बदललं काय होतं, तेही बघू."

त्यानं एक कोरा बटरपेपर काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला. मग तो काढून तेवढ्याच मापाचा मळाचा कागद अलगद ठेवला. सगळे वाकून बघू लागले. आकडा दोनदा हलला आणि स्थिर झाला.

०.१८ कॅरेट मळ. बदललं होतं ते एवढंच.