विभावरीची आठ गाणी

"आणि त्या पाकिटात काय होतं?" गार्डाने विचारलं. इथे आयर्लंडमध्ये पोलिसाला गार्डा म्हणतात. ही तिशीच्या आतली मुलगी होती, हातात वही घेऊन उभी.

देवदत्तच्या बुटाखाली काचेचा चुरा करकरला. रविवारची सकाळ. ॲथलोनबाहेर नदीकाठी तो लेकीला, रेवाला घेऊन तासभर चालायला गेला होता. परत आले तर गाडीची काच फोडलेली, पुढचा कप्पा उपसलेला. गॉगल, चार्जर, रेवाचं जाकीट आणि सीडींचं कापडी पाकीट गेलं होतं.

"सीडी," तो म्हणाला. "दहा-बारा असतील. त्यातली एक माझ्या बायकोची."

"तिच्या मालकीची?"

"तिनं गायलेली."

बाईंनाही कळवायचं का, असं गार्डाने विचारलं. ती पाच वर्षांपूर्वी गेली, हे ऐकून तिने वही मिटली आणि इथले लोक मयताच्या घरी जाऊन म्हणतात ते सांत्वनाचे दोन शब्द म्हटले. मग वही पुन्हा उघडून तिने लिहिलं: सीडी, बारा.

देवदत्त वैद्यकीय नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होता. दिवसभर भिंगाखाली नळीवरचा केसाएवढा ओरखडा शोधायचा. गाण्यातलं त्याला काही कळत नसे. त्याच्या बायकोने, विभावरीने आयर्लंडला येण्याआधी नागपूरच्या एका छोट्या स्टुडिओत आठ भावगीतं ध्वनिमुद्रित केली, शंभर सीडी काढल्या आणि ओळखीपाळखीत वाटून टाकल्या. इथे आल्यावर ती गणपतीत गायची आणि ओट्याशी. तिच्यामागे ती सीडी गाडीतच राहिली, कारण घरात सीडी वाजवणारं काही उरलं नव्हतं. रेवाच्या शाळेपर्यंत दोन गाणी होत. पाचव्या गाण्यात अंतऱ्याआधी तिने घेतलेला श्वास ऐकू यायचा. देवदत्त त्या श्वासाची वाट बघत गाडी चालवायचा.

कारखान्यातला मुकुल किती वेळा म्हणाला होता, "दे ना यार, कॉम्प्युटरवर घेऊन देतो, दहा मिनिटांचं काम आहे." देवदत्त पुढच्या आठवड्यावर ढकलायचा. एक दिवससुद्धा सीडी दुसऱ्याच्या हाती द्यायचं त्याच्या जिवावर येई.

आता तो रोज कामावरून सुटला की नदीकाठची झुडपं काठीने बाजूला करून बघू लागला. कचऱ्याचे डबे पाहिले. जुन्या वस्तूंच्या दुकानांतून सीडींच्या टोपल्या चाळल्या. नागपूरला मेहुणीला, चित्राला फोन केला.

"भाऊजी, आमच्याकडच्या सीडीला बुरशी लागली होती," ती म्हणाली. "घर बदलताना टाकून दिली. म्हटलं, तुमच्याकडे आहे ना."

बाकीच्या सीडी कुणाकुणाकडे गेल्या, हे फक्त विभावरीलाच ठाऊक होतं. स्टुडिओ बंद पडून दहा वर्षं झाली होती. फोनमधल्या व्हिडिओंत विभावरी कायम कॅमेऱ्यामागे. ऐकू येई ते फक्त "इकडे बघ".

शुक्रवारी शाळेला जाताना रेवा खिडकीबाहेर बघत गुणगुणायला लागली. पाचवंच गाणं. दोन ओळी झाल्या, तिसरीला ती अडखळली. चौदा वर्षांची होती. शब्द तिला नुसते नादाने पाठ होते.

"बाबा, व्हॉट्स नेक्स्ट?"

देवदत्तने आठवायचा प्रयत्न केला. पाच वर्षं रोज ऐकलेलं गाणं. आवाज डोक्यात होता, शब्द नव्हते. त्याने गाडी बाजूला घेतली.

"नाही आठवत गं."

"इट्स ग्रँड, चालतंय," ती म्हणाली आणि दप्तर मांडीवर ओढून घेतलं. त्याने पुन्हा गाडी सुरू केली.

तीन आठवड्यांनी गार्डा स्टेशनवरून फोन आला. एका शेडमध्ये चोरीचा माल सापडला होता, येऊन ओळख पटवा म्हणाले. लांब टेबलावर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये सगळं मांडलं होतं: चाव्या, घड्याळं, लहान मुलाचा एक बूट. सीडी मूठभर होत्या. देवदत्तने एकेक उजेडात धरून पाहिली. मग पुन्हा पहिलीपासून पाहिली.

शेजारी एक म्हातारी आयरिश बाई ट्रे चाचपत होती. नवऱ्याचा चष्मा शोधतेय म्हणाली; तो नोव्हेंबरात गेला, चष्मा गाडीतच राहिला होता. तिला नीट दिसत नव्हतं. देवदत्तने फ्रेमचा रंग विचारला. तपकिरी, आणि उजव्या दांडीला सेलोटेप. त्याने ट्रे स्वतःकडे ओढला आणि कारखान्यात नळ्या तपासायचा तसा एकेक चष्मा पाहू लागला. सेलोटेपवाला तळाशी निघाला. त्याने शर्टाच्या टोकाने काचा पुसून तो तिच्या तळहातावर ठेवला.

तिने तो दोन्ही हातांत धरला. मग विचारलं, "आणि तुमचं? तुमचं सापडलं का?"

"सापडलं," देवदत्त म्हणाला.

बरं झालं, म्हणत तिने त्याचा दंड थोपटला आणि हळूहळू दाराकडे गेली. ती बाहेर पडेपर्यंत तो थांबला. मग काउंटरवर जाऊन त्याने, काही मिळालं नाही, अशा कागदावर सही केली.