दातांनी ऐकणारे मेस्त्री आणि मी

मित्रांनो, मी एक जुना, हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर आहे. आयुष्यात मी स्क्रू असे फारसे फिरवलेच नाहीत. हे ऐकून माझे भाऊबंद हसतात. खुशाल हसोत. माझे काम ऐकण्याचे होते.

एका कारखान्यात आम्ही बाराजण एकाच दिवशी घडलो. पोलादी दांडा, लाकडी मूठ. दुकानात एक सडपातळ तरुण आला. त्याने माझ्या एकेका भावाचे टोक भिंतीवरच्या घड्याळाला टेकवले आणि मूठ कानाला लावली. दुकानदार वैतागला. "अहो, स्क्रू ड्रायव्हर घेताय की सतार?"

मी नववा होतो. माझ्यातून टिकटिक सर्वांत स्वच्छ ऐकू आली म्हणे. मला अजून शंका आहे. कदाचित दहाव्यापर्यंत जायचा त्याला कंटाळा आला असेल. पण तेव्हापासून त्रेपन्न वर्षे आम्ही बरोबर होतो.

पुढे सगळे त्या तरुणाला मेस्त्री म्हणू लागले. चालू इंजिनाला माझे टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची रीत. कुठला व्हॉल्व्ह सैल आहे, कुठले बेअरिंग झिजले आहे, हे ते इंजिन उघडण्याआधी सांगत. त्यांच्या इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपमधले कुठलेही हत्यार कोणीही न्यावे, मला मात्र हात लावायचा नाही. एकदा त्यांच्या थोरल्या जावयांनी माझ्या टोकाने रंगाचा डबा उघडला. मेस्त्री तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलले, तेही "डबा तरी उघडला का?" एवढेच.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी जात असे. त्यांची पत्नी शिवणकाम करी. शिलाई मशीन जरा कुरकुरले की मेस्त्री मला घेऊन शेजारी बसत.

"अहो, मशीनला काही झालेलं नाही," त्या म्हणत. "मलाच बोलायचंय तुमच्याशी."

मग मला बाजूला ठेवून ते मुलाच्या अभ्यासापासून धाकट्या लेकीच्या दुखऱ्या दाढेपर्यंत सगळे ऐकून घेत. इतके मन लावून ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

इंजिनांच्या गडगडाटात सारा जन्म गेला आणि सत्तरीनंतर मेस्त्रींचे कान गेले. लोकांना वाटले, संपले. मेस्त्रींना तसे वाटले नाही. त्यांनी माझी मूठ दातांत धरली. आवाज दातांतून हाडांत, हाडांतून आत जातो, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. माझ्या मुठीवर त्यांच्या दातांचे व्रण उमटले. त्यांच्या पत्नी हसून म्हणाल्या, "माझं ऐकायला कान नाहीत, आणि इंजिनाचं ऐकायला बरे दात आहेत!"

मुलाला मात्र काळजी वाटे. तोवर धाकटी लेकही वर्कशॉपात काम करू लागली होती. मुलगा वडिलांच्या कानाशी मोठ्याने म्हणाला, "बाबा, आता बस करा. ऐकू येत नसताना चालत्या यंत्रात हात घालू नये."

"हात कुठे घालतोय? दात लावतोय."

पण मुलगा चुकीचे बोलत नाही, हे मेस्त्रींनाही कळत होते. त्याच आठवड्यात पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून बोलावणे आले. तिथले इंजिन ठोके मारल्यासारखा आवाज करत होते आणि साहेब ते मोडीत काढायला निघाले होते. मेस्त्रींनी मुलाला सांगितले, "याचा दोष मला सापडला नाही, तर वर्कशॉपची किल्ली तुझी. लाव कुलूप."

पंपघरात मेस्त्रींनी मला दातांत धरून इंजिनाला टेकवताच दोघेतिघे फिसकन हसले. मेस्त्रींनी ऐकले आणि सांगितले, "शेवटच्या सिलिंडरचं बेअरिंग."

इंजिन उघडले. बेअरिंग ठणठणीत होते.

आता सगळेच हसले. साहेब म्हणाले, "आजोबा, घरी जाऊन आराम करा." मुलाने मान खाली घातली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"थांब," मेस्त्री म्हणाले. "चुकलो मी. झाकण लावा, पुन्हा सुरू करा. अजून माझं ऐकून झालेलं नाही."

त्यांनी मला पुन्हा लावले, या वेळी इंजिनापासून पंपापर्यंत हात-हात अंतरावर. मग इंजिन थांबवून त्यांनी पंपाला जोडणारे कपलिंग सोडवायला लावले. एकटे इंजिन सुरू झाले आणि ठोका नाहीसा झाला. झिजले होते ते कपलिंग. त्याचा आवाज इंजिनाच्या दांड्यातून शेवटच्या सिलिंडरपर्यंत जात होता.

मुलाने किल्लीसाठी पुढे केलेल्या त्याच हाताने वडिलांच्या हनुवटीवरचे ऑइल पुसले. त्यानंतर मेस्त्री आणखी सात वर्षे काम करत राहिले. एका सकाळी चहा पिताना ते गेले.

मुलाने मला प्रेमाने काचेच्या पेटीत ठेवले आणि पेटी वर्कशॉपच्या भिंतीवर लावली. तिच्यात मी गंजलो नाही. नुसता बेकार झालो. समोर लेक इंजिनांना आकड्यांत दोष दाखवणारे नवे यंत्र लावते. हुशार आहे ते यंत्र. पण आकडा चुकला, तरी ते कधी 'चुकलो' म्हणत नाही.

काल एक पाणी उपसायचे इंजिन खोकत आले. यंत्राने सारे ठीक असल्याचे दाखवले, खोकला थांबेना. लेकीने पेटी भिंतीवरून उतरवली.

"अगं, बाबांची आठवण आहे ती!" तिचा भाऊ म्हणाला.

"म्हणूनच काढतेय, दादा."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी तेवढ्यावर समाधान मानणार नाही. आम्हाला कामाला लावा. म्हाताऱ्या माणसांनाही विचारा, आणि त्यांचे पहिले उत्तर चुकले तर लगेच किल्ली मागू नका.

लेकीने मूठ कानाला लावली आहे. आम्ही दोघेही चुकू कदाचित. चालेल. करा इंजिन सुरू!