अकराव्या पेटीजवळ कोण?

"बाटली रडत नाही म्हणून हसताय सगळ्या," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "शुक्रवारी या पेटीत बाळ असणार आहे."

हसू थांबलं. नव्या इमारतीसाठी आलेल्या अकरा कोऱ्या काचपेट्या त्या रिकाम्या खोलीत ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीत बाळाच्या जागी सलाइनची एकेक बाटली दुपट्यात गुंडाळून ठेवली होती. नवजात बाळांचा अख्खा वॉर्ड शुक्रवारी पटांगणापलीकडे हलवायचा होता आणि ही त्याची रंगीत तालीम होती. ड्यूटीवर नसलेल्या सहा नर्सना सिस्टरनी त्यासाठी घरून बोलावलं होतं, त्यामुळे निम्म्या जणी आधीच फुगून बसल्या होत्या.

पहिली पेटी निघाली. ही मुंगीची, म्हणजे नर्स ज्याला लाडाने मुंगी म्हणायच्या त्या सगळ्यात लहान बाळाची. खरी मुंगी शेजारच्या वॉर्डात श्वासाच्या यंत्रावर होती, वजन आठशे ग्रॅम, आणि सगळ्यांचा जीव तिच्यात अडकलेला. पेटीबरोबर दोघींनी जायचं ठरलं होतं. तिसरी दार धरायला धावली, चौथी लिफ्टचं बटण दाबायला, पाचवी उतारावर हात द्यायला. सहावी, चष्मेवाली, नुसतीच मागोमाग गेली. नऊ मिनिटांत पेटी पलीकडे पोचली. हातात घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या व्यवस्थापक साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्या परतल्या तेव्हा सिस्टर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या.

"अकराव्या पेटीत काय झालंय?"

सहा जणींनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटी चष्मेवाली जाऊन बघून आली. "बाटली पालथी आहे, सिस्टर."

"तुम्ही दाराबाहेर पडलात तेव्हाच मी पालथी केली. येऊनही पाच मिनिटं झाली तुम्हाला. नाकातोंड दाबलं गेलं असतं त्या बाळाचं."

त्यांच्याबरोबर परतलेले साहेब मात्र हसले. "सिस्टर, बाटली आहे हो ती."

"मला अजून दोन तालमी हव्यात, साहेब. आणि पेटीबरोबर दोघींच्या वर एकही बाई जाता कामा नये."

"अहो, शुक्रवारी पाहुणे येणार. माणसं जास्त दिसली तर बरंच आहे की." साहेबांच्या खोलीतल्या भिंतीवर या कामाचा रंगीत पट्ट्यांचा भला मोठा तक्ता होता आणि त्यात तालमीची पट्टी एकच होती. "शिवाय सात वर्षांपूर्वी पुरुषांचा वॉर्ड तुम्हीच हलवलात ना? मी अहवाल वाचलाय. एक नंबर काम."

सिस्टरनी तोंडात मिठाची गुळणी धरली. घरी जाईपर्यंत ती सुटली नाही.

संध्याकाळी त्यांची मुलगी वह्या तपासत बसली होती. ती प्राथमिक शाळेत शिकवायची.

"तुम्ही पोरांना सहलीला नेता, तेव्हा कोण कुठे चालणार हे कसं ठरवता गं?" सिस्टरनी विचारलं.

"आधी शेपटी ठरवतो. सगळ्यात मागे कोण राहणार ते. पुढे मिरवायला काय, सगळेच तयार असतात. एका वर्षी आमची एक मुलगी संग्रहालयातच मागे राहिली होती ना, तेव्हापासून." मुलीने लाल पेन खाली ठेवलं. "आणि परत आलो की बैठक. काय चुकलं ते सांगायचं. पहिली चूक मोठ्या बाईंची."

"त्या सांगतात?"

"त्यांनाच सांगावी लागते. नाहीतर बाकीचे कशाला तोंड उघडतील? आई, जेव की. भात गार झाला."

सिस्टर जेवल्या, पण काय जेवल्या ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि सहाही नर्सना आत बोलावून घेतलं.

"तो अहवाल मी लिहिलाय," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "त्यात एक अक्षर खोटं नाही. सर्व गंभीर रुग्ण सुखरूप हलवले, असं लिहिलंय आणि ते खरं आहे. श्वासाच्या यंत्रावर एक जण होते, त्यांच्याबरोबर मी स्वतः गेले. माझी जागा वॉर्डात होती, तरी गेले, कारण मला राहवेना. मागे चौथ्या खाटेवर एक आजोबा होते. ठणठणीत. दुसऱ्या दिवशी घरी जाणार होते. ते उठायला गेले आणि पडले. कोणी बघेपर्यंत बारा मिनिटं गेली. ते गेले. गंभीर रुग्णांत त्यांचं नाव नव्हतं, म्हणून अहवालातही आलं नाही. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही."

त्या साहेबांच्या टेबलापाशी गेल्या. "आता हे लेखी द्या म्हणालात तर देते. माझी नोकरी दोन वर्षं राहिलीय. काय करायचं ते करा. पण तालमी द्या."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग ते उठले आणि भिंतीवरच्या तक्त्यात तालमीच्या दोन पट्ट्या हाताने काढल्या. जरा वाकड्याच आल्या.

"लेखी द्या," ते म्हणाले. "म्हणजे पुढच्याला वाचायला मिळेल."

"पेटीबरोबर दोघीच. बाकीच्या जागेवर," सिस्टरनी नर्सना सांगितलं. "जिचा जीव मुंगीत अडकलाय तिने तर मुळीच जायचं नाही. म्हणजे मी शेवटपर्यंत मागे."

शुक्रवारी पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मुंगीची पेटी निघाली तेव्हा सिस्टर दारापर्यंतसुद्धा गेल्या नाहीत. त्या उरलेल्या दहा पेट्यांमधून फिरत राहिल्या आणि बाहेरून टाळ्यांचा आवाज आला तेव्हाही थांबल्या नाहीत. आठव्या मिनिटाला फोन वाजला. "पोचली, सिस्टर. गुलाबी आहे एकदम." त्यांचा जीव भांड्यात पडला.

सहावी पेटी बाहेर होती तेव्हाच नवव्या पेटीतल्या बाळाची नाकातली नळी निसटली. यंत्राने ओरडायला सुरुवात करायच्या आत चष्मेवालीचा हात पेटीत गेला होता. नळी बसली, बाळाचा निळसर झालेला ओठ पुन्हा लाल झाला. चष्मेवालीने घाम पुसला. "इथेच उभी होते मी," ती म्हणाली, स्वतःलाच सांगितल्यासारखी.

"दिसलं मला," सिस्टर म्हणाल्या.

दुपारी एकच पेटी उरली. त्यातलं बाळ इतकं गुटगुटीत झालं होतं की नर्सनी त्याचं नाव पैलवान ठेवलं होतं. परवा ते घरी जाणार होतं. त्याची आई सकाळपासून बाकावर बसून कंटाळली होती.

"आमचंच शेवटी का ठेवलंत? धडधाकट आहे म्हणून?"

"हो. आणि म्हणून मीही थांबले."

त्या बाईला ते कळलं नसावं, पण ती उठली आणि काचेवर हात ठेवून चालू लागली. पटांगणातल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. पाहुणे वर मुंगीला काचेबाहेरून बघत होते. एक सफाईवाला हार गोळा करत होता, तो पेटीला वाट द्यायला बाजूला झाला. उतारावर सिस्टरनी पेटीची पुढची बाजू स्वतः धरली. आतला पैलवान जागा होता आणि लाथा झाडत होता. सात वर्षांत इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांना मोठ्याने हसावंसं वाटलं आणि त्या हसल्याही, तेव्हा आईही हसली.

नव्या वॉर्डात चष्मेवाली कागद घेऊन तयार होती.

"किती?"

"अकरा, सिस्टर."

सिस्टरनी मान हलवली आणि तरीही पहिल्या पेटीपासून, प्रत्येक बाळाच्या छातीकडे बघत, स्वतः मोजायला सुरुवात केली. साहेब त्यांना फोटोसाठी बोलवायला आले होते. ते बूट काढून, मोजणी संपेपर्यंत, दाराशीच उभे राहिले.